सावळ्या मानेवर गोरा चेहरा

वाचकांचे प्रश्न : रंगभूषा आणि वेशभूषा

प्रश्न : ताई, मी हुपरीची. माझी मुलगी सहावीत आहे, रंगानं सावळी. डिसेंबरात शाळेच्या गॅदरिंगमध्ये ती कोळीनृत्यात होती. मेकअपला बाहेरचा माणूस बोलावला होता, त्यानं सगळ्या पोरींना एकाच डबीतलं लावलं. घरी आली तेव्हा चेहरा राख फासल्यासारखा आणि मान तिच्या स्वतःच्या रंगाची. फोटो आले ते त्याहून वाईट. तिनं फोटो बघितला आणि विचारलं, "आई, ह्यात मी कुठाय?" मी मेकअपवाल्यांना फोन केला, तर म्हणाले, "वहिनी, ह्यापेक्षा डार्क शेड आमच्याकडं येतच नाही." आमचे मिस्टर म्हणतात, कंपनी धंदा करायला बसलीय, खपतं तेच बनवणार, ह्यात नीती-बिती कुठनं आली? मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे सांगता येत नाही. कंपन्यांवर अशी जबाबदारी असते का?
— एक आई, हुपरी

उत्तर : तुम्हाला पटत नाही ते बरोबरच आहे. का, ते सांगते. पण आधी त्या डबीबद्दल बोलू, कारण तुमच्या मुलीवर नेमकं काय झालं हे कळल्याशिवाय पुढचं बोलणं हवेत जाईल.

मी ३४ वर्षं मंगळवार पेठेत मेकअप आणि ड्रेपरीचं काम करते. डिसेंबर-जानेवारी म्हणजे आमची सुगी. एका शाळेत साठ पोरं, हातात दोन तास, वर्गातली बाकं भिंतीला सरकवलेली, आणि दाराबाहेर बाई ओरडतायत, "पुढचा नंबर कोळ्यांचा, आवरा!" अशा वेळी मेकअपवाला एक स्पंज, एक डबी घेतो आणि रांगेनं फिरवत जातो. त्या डबीत पांढरं ऑक्साईड भरपूर असतं. निमगोऱ्या कातडीवर ते जिरून जातं. सावळ्या कातडीवर ते वर तरंगतं, खालची पिवळी-तांबूस झाक मारून टाकतं आणि मागं राखाडी तेवढा उरतो. वर फोटोवाल्यानं फ्लॅश मारला की हे ऑक्साईड उजेड परत फेकतं, चेहरा आणखी पांढरा येतो आणि मान आहे तशी राहते. तुमच्या मुलीच्या रंगात काही कमी नव्हतं. डबीत तिचा रंग नव्हता.

माझे वडील रंगभूषाकार होते. शाहू महाराजांनी १९१५ साली बांधलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह, तिथल्या मेकअप रूममध्ये मी शाळा सुटल्यावर त्यांच्याजवळ जाऊन बसायची. (८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं तेव्हा मी शेजारच्या खासबाग मैदानाच्या भिंतीला टेकून उभी होते, तिथनं हलवत नव्हतं.) वडिलांकडं झिंकचा म्हणजे पांढऱ्या पुडीचा डबा, पिवडी (पिवळी माती), गेरू आणि खोबरेल तेल एवढंच असायचं. डाव्या तळहातावर ते रंग घोटायचे आणि समोरच्या नटाची हनुवटी वर करून पहिल्यांदा गळा बघायचे. "आधी मान बघायची, मग तोंड," असं मला शंभरदा सांगितलं असेल. झिंक किती घ्यायचं ते मानेवरनं ठरायचं. सावळ्या नटाला झिंक चिमूटभर आणि पिवडी-गेरू जास्त.

मी धंद्यात आले तेव्हा तयार स्टिका आणि डब्या आल्या होत्या. काम झटपट व्हायला लागलं. पण त्या डब्यांवरची नावं एकदा नीट वाचा. पाच-सहा शेड असतात आणि त्यात गोरेपणाकडून दुसरी असते तिचं नाव 'नॅचरल'. कुणाचं नॅचरल? गंगावेशीत भाजी विकायला बसणाऱ्या बायकांचं नव्हे, रंकाळ्यावर सकाळी पळणाऱ्या पोरांचंही नव्हे. माझं स्वतःचंही नव्हे.

पंचवीसेक वर्षांपूर्वीची एक नवरी मला अजून डोळ्यांपुढं दिसते. करवीर तालुक्यातलीच, चांगली काळीसावळी, नाकीडोळी नीटस. माझ्याकडची सगळ्यात गडद स्टिक मी तिला लावली आणि ती तिच्यापेक्षा तीन पायऱ्या उजळ होती. तिनं आरशात बघितलं आणि गप्प बसली. मी म्हणाले, "फोटोत छान येतं." खोटं बोलले मी. तिनं करवलीला ओला टॉवेल आणायला सांगितलं, सगळं पुसून काढलं, आणि काजळ-कुंकू लावून बोहल्यावर उभी राहिली. पैसे तिनं पूर्ण दिले. त्या दिवसापासून मी पुन्हा तळहातावर घोटायला लागले.

आता तुमच्या मिस्टरांचा मुद्दा. खपतं तेच बनवतात, हे अर्धं खरं आहे. गडद शेड मागवली की वितरक म्हणतो, "मॅडम, ती मूव्हिंग नाही." मूव्हिंग नाही, कारण दुकानात ती नसते. दुकानात नसते, कारण मूव्हिंग नाही. आणि जिला ती हवी आहे ती बाई दोनदा परत गेल्यावर तिसऱ्यांदा त्या काउंटरकडं फिरकतच नाही. मग तिची मागणी कुणाच्या वहीत लागणार? एका वर्षी मी हट्टानं सगळ्यात गडद शेडचे सहा नग घेतले आणि काचेत पुढं मांडले. जयसिंगपूरची एक मेकअप करणारी पोरगी आली आणि सहाच्या सहा घेऊन गेली. म्हणाली, "काकू, ही शेड बघायला मिळाली तेच लई झालं."

आणि खपाचं गणित कंपनीला कधी दिसतं, तेही ऐका. जुन्या रंगीत फोटोंचं उदाहरण घ्या. कोडॅक कंपनी फोटो छापणाऱ्या प्रयोगशाळांना रंग जुळवायला एक नमुना-फोटो पाठवायची. त्यात वर्षानुवर्षं गोरीच बाई असायची. पहिल्या मॉडेलच्या नावावरनं त्याला 'शर्ली कार्ड' म्हणायचे. तिची कातडी नीट छापली गेली की यंत्र बरोबर, असं धरायचं. गडद कातडीची माणसं त्या फिल्मवर नाक-डोळे हरवून यायची. फिल्म पुढं सुधारली, आणि कंपनीतल्याच लोकांनी नंतर सांगितलं की त्याला मोठं कारण होतं चॉकलेटवाल्यांच्या आणि लाकडी फर्निचरवाल्यांच्या तक्रारींचं. डार्क चॉकलेट आणि मिल्क चॉकलेट जाहिरातीत सारखंच दिसत होतं, शिसवी आणि साधं लाकूड ओळखू येत नव्हतं. म्हणजे तपकिरी रंगाच्या छटा पकडता येतच नव्हत्या असं नाही. लाकडासाठी पकडल्या. तोपर्यंत आपल्याकडच्या कित्येक आयांचे लग्नातले फोटो तसल्याच फिल्मवर निघून अल्बममध्ये चिकटलेही होते.

उलट बाजूचंही सांगते. २०१७ साली रिहाना ह्या गायिकेच्या फेंटी ब्यूटी कंपनीनं पहिल्याच दिवशी फाउंडेशनच्या ४० शेड बाजारात आणल्या. गडद शेड दुकानांत लगेच संपल्या, आणि वर्षानुवर्षं 'शक्य नाही' म्हणणाऱ्या मोठमोठ्या कंपन्यांनी बघता बघता आपल्या शेड वाढवल्या. माल बनवायची विद्या सगळ्यांकडं आधीपासून होती. आडलं होतं ते ह्यात, की कुणीतरी त्या बायकांना गिऱ्हाईक म्हणून मोजायला हवं होतं.

पण मी एवढ्यावर थांबणार नाही, कारण 'खपतं म्हणून बनवा' हे धंद्याचं उत्तर झालं आणि तुम्ही विचारलंय जबाबदारीचं. उद्या गडद शेड खरंच कमी खपली, तर? तरी मी म्हणेन की जबाबदारी आहे. फक्त ती प्रत्येक मालाला सारखी नसते. कुणी फक्त हिरव्या साड्या विणल्या तर त्यानं निळी आवडणारीचं काही वाकडं केलं नाही. ती दुसऱ्या दुकानात जाईल. दुसऱ्या टोकाला ऑक्सिमीटर. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आपल्या जिल्ह्यात घराघरांत लोक बोटाला चिमटा लावून बसले होते. त्याच्या आधीच, डिसेंबर २०२० मध्ये, अमेरिकेतल्या डॉक्टरांनी छापलं होतं की कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये ऑक्सिजन खाली गेलेला असूनही यंत्र ठीक आकडा दाखवतं असं गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट वेळा घडलं. बोटातून जाणारा उजेड मोजूनच ते यंत्र चालतं, आणि कातडीचा रंग त्या उजेडात आडवा येतो. तिथं 'खप' हा शब्द काढायचीसुद्धा सोय नाही. जे यंत्र सगळ्यांच्या बोटाला लावायचं म्हणून विकलंय, ते सगळ्या बोटांवर तपासलेलं पाहिजे.

तुमच्या मुलीची डबी ह्या दोन टोकांच्या मधली आहे. तिच्यानं जीव जात नाही. पण ती साडीसारखी नुसती आवडीनिवडीची वस्तूही नाही, कारण ती अंगाच्या रंगाशी जुळायलाच बनवलेली आहे आणि जुळवायचं वचन देऊन विकली जाते. 'नॅचरल', 'स्किन', 'सर्वांसाठी' असे शब्द कंपनी स्वतः छापते. ज्यानं 'सर्वांसाठी' म्हणून पैसे घेतले त्यानं सर्वांना मोजायला हवं. न मोजता तो शब्द छापला तर उरलेल्यांना तो काय सांगतो? की तुमचं अंग म्हणजे चुकलेलं अंग. सहावीतल्या पोरीला ही भाषा येत नाही, म्हणून ती विचारते, "ह्यात मी कुठाय?" कंपनी जेवढी मोठी, बाजार जेवढा तिच्या मुठीत, तेवढी ही जबाबदारी जड. गावोगावच्या काउंटरवर ज्यांचीच डबी आहे, त्यांनी 'दुसरीकडं बघा' म्हणू नये. दुसरीकडं काही नसतं.

कापडातही हेच आहे. गांधीनगरच्या बाजारात 'स्किन कलर' नेट मागा, दुकानदार न विचारता एकच ठाण पुढं टाकतो, फिक्कट बदामी. लावणीच्या ब्लाउजला, देवीच्या पोशाखाला बाह्या लावायला तेच नेट. सावळ्या हातावर ते चढवलं की बँडेज बांधल्यासारखं दिसतं. मी ते चहात रंगवते. मोठ्या पातेल्यात पाणी, मूठभर चहा पावडर, चमचाभर मीठ. उकळून गाळायचं, नेट ओलं करून त्यात सोडायचं आणि काठीनं हलवत राहायचं. दहा मिनिटांत गव्हाळ, अर्ध्या तासात सावळं, आणि थोडा कात टाकला तर त्याच्याही पुढं. सुती मिश्रण असेल तर रंग छान धरतो, निव्वळ नायलॉनवर कमी-जास्त होतो, म्हणून आधी कोपरा बुडवून बघावा. बॅले नाचणाऱ्या कृष्णवर्णीय मुली असंच करायच्या. गुलाबी बुटांवर आपल्या रंगाचं फाउंडेशन चोपडत बसायच्या. लंडनची फ्रीड ही बॅलेचे बूट बनवणारी कंपनी १९२९ पासूनची, पण तिथं तपकिरी रंगाचे पॉइंट शूज, म्हणजे पायाच्या बोटांच्या टोकावर नाचायचे बूट, आले ते २०१८ साली. ते वाचलं त्या दिवशी मी पातेल्यापाशीच उभी होते. वाटलं, सातासमुद्रापलीकडंही कुणीतरी रात्री जागून दुसऱ्याचं अर्धं राहिलेलं काम पुरं करतंय. कंपनीनं न केलेलं काम नाहीसं होत नाही. ते नाचणाऱ्या पोरीच्या, तिच्या आईच्या, माझ्यासारखीच्या पदरात पडतं. जबाबदारी का म्हणते त्याचं माझ्याजवळचं सगळ्यात पक्कं कारण हे आहे.

आता पुढच्या गॅदरिंगचं. मुलीला बेस लावूच नका म्हणून सांगा. अकरा वर्षांच्या कातडीला त्याची गरज नसते. काजळ, भुवया, गालाला विटकरी किंवा गडद डाळिंबी लाली (गुलाबी नको, तीही राखाडी दिसते), ओठाला मरून. लांबून बघणाऱ्याला डोळे आणि ओठ दिसले की पुरे. लावायचाच झाला तर जबड्याखाली मानेवर बोटभर लावून खिडकीच्या उजेडात बघा, ट्यूबलाइटखाली नको. आणि डबीवर ग्राहकसेवेचा पत्ता असतो तिथं एक पत्र टाका. मुलीकडून लिहवून घेतलंत तर फार बरं. तिनं एकच विचारावं : माझी शेड कुठाय?

---

प्रश्न : हल्ली व्हीलचेअरवरच्या बाहुल्या निघाल्यात. हा सगळा दिखावा नाही का? अपंग मुलांना बाहुली हवी की रॅम्प?
— एक निवृत्त शिक्षक, राजारामपुरी

उत्तर : सर, दोन्ही हवं. बार्बीवाल्यांनी १९९७ साली व्हीलचेअरवरची बेकी नावाची बाहुली आणली, आणि तिची खुर्ची बार्बीच्याच बंगल्याच्या दारातून आत जाईना. घर बनवताना कुणाच्या डोक्यात ती नव्हतीच. त्याला तुम्ही दिखावा म्हणालात तर मी वाद घालणार नाही. पण त्या अरुंद दारावर बोट ठेवलं ते अशा बाहुलीनंच, हेही बघा. नसीमा हुरजूक दीदींनी ह्याच कोल्हापुरात १९८४ पासून 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही अपंगांसाठीची संस्था चालवली. खुर्चीवर बसून एवढं उभं करणारी बाई पाहिलेल्या गावाला ह्यातलं महत्त्व मी काय सांगावं? बाहुली आणणाऱ्याला दार रुंद करायला लावा. बाहुलीच नको म्हणू नका.

---

प्रश्न : मॅडम, शिरोली एमआयडीसीत माझं कॉस्मेटिकचं छोटं युनिट आहे. फाउंडेशनच्या चार शेड काढतो. चाळीस काढायची माझी ऐपत नाही. बॅच, डबी, लेबल सगळं चारपट-दहापट होतं आणि पडून राहिलेला माल अंगावर येतो. मोठ्यांच्या नीतीच्या गोष्टी मला कशा लागू होणार? वितरक तर म्हणतोय सगळ्यात गडद शेड बंद करा आणि डबीवर 'उजळ' लिहा.
— एक उद्योजक

उत्तर : दादा, तुमच्याकडून चाळीस शेडची अपेक्षा कुणीच धरू नये. पडून राहिलेला माल काय असतो ते मी माळ्यावर रोज बघते. चारवर थांबा. पण चार म्हणजे कुठल्या चार, हे तुमच्या हातात आहे. तुमची शेडपट्टी टेबलावर ठेवा आणि तुमच्याच युनिटमध्ये पॅकिंग करणाऱ्या बायकांचे हात तिच्याशेजारी ठेवून बघा. मी पैजेनं सांगते, तीन शेड त्यांच्यापैकी कुणालाच लागणार नाहीत आणि चौथीवर निम्म्याजणी दाटीवाटीनं उभ्या असतील. आपल्या भागातली बहुसंख्य माणसं गव्हाळ ते काळीसावळी ह्या पट्ट्यात आहेत. गोरेपणाकडच्या तीन शेड एकमेकींपासून केसाइतक्या लांब, आणि बाकी सगळ्यांना मिळून एक, ही वाटणी चुकलेली आहे. एक निमगोरी, एक गव्हाळ, एक सावळी, एक गडद. खर्च तेवढाच, चार बॅचच.

गडद शेड करताना गोऱ्या शेडमध्ये काळं ओतू नका. त्यानं चिखल होतो. टायटॅनियम, म्हणजे ते पांढरं ऑक्साईड, कमी करा आणि पिवळं-लाल ऑक्साईड वाढवा. काळं शेवटी, अगदी थोडं. हे तुमच्या केमिस्टला ठाऊक असेल, पण त्यानं ते खऱ्या सावळ्या गालावर लावून बघितलंय का, ते विचारा. नावंही बदला. 'नॅचरल' काढून टाका. गव्हाळ, सावळा ही आपली नावं चांगली आहेत, ती ऐकून कुणाची मान खाली जात नाही.

आणि डबीवर 'उजळ' लिहू नका. मी हे कळकळीनं सांगतेय. १९७५ पासून आपल्या घराघरांत असलेल्या फेअर अँड लव्हलीनं २०२० साली नावातलं 'फेअर' काढून 'ग्लो' केलं. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलनं तर २०१४ सालीच सांगितलं होतं की सावळ्या माणसाला दुःखी, अपयशी, लग्नाच्या बाजारात मागं पडलेलं असं दाखवायचं नाही. ज्या शब्दापासून एवढी मोठी कंपनी बाजूला झाली, तो तुम्ही आता नव्यानं कशाला उचलता? हे खरं, की माझ्याकडं येणाऱ्या दहातल्या सात-आठ नवरीमुलींच्या आया कानाशी येऊन "जरा उजळ करा हं" म्हणतात. मी त्यांना नवरीची मान दाखवते आणि विचारते, हिचं काय करायचं? बहुतेकजणी ऐकतात. ज्या ऐकत नाहीत त्यांच्याशी भांडायला मला तुमची चौथी डबी हातात हवी आहे; नुसत्या तोंडानं भांडून मी दमले.

म्हणून ती बंद करायच्या आधी एक करा. चारही शेडचे नमुने घेऊन एखाद्या रविवारी सकाळी माझ्या दुकानात या. माझ्याकडं शिकायला सहा मुली येतात, सहा जणींचे सहा रंग आहेत. अकरापर्यंत दुकानात पूर्वेचा उजेड चांगला येतो. त्याच्या आत या.